खाली कोण

नायगावहून बिलोलीकडे निघालं की वाटेत डोणवाडीचा फाटा लागतो. फाट्यापासून आत दीड कोसावर एक माळ आहे. झाड नाही, झुडूप नाही, नुसता मुरूम आणि त्यावर थरथरणारं ऊन. त्या माळाच्या मधोमध एक बैठी इमारत एकटीच उभी आहे. मागे एकदा नवा जिल्हा होणार अशी बोलवा उठली होती, त्या भरात ती बांधली गेली. इथं कचेरी येणार, तिथं कोर्ट येणार, असं बोलत लोकांनी फाट्यावर चहाच्या टपऱ्यासुद्धा टाकल्या. जिल्हा काही आला नाही. टपऱ्या मोडल्या, इमारत राहिली. दारावर पेंटरनं मोठ्या निळ्या अक्षरांत ‘जिल्हा’ एवढा एकच शब्द काढला होता. पुढची जागा तशीच कोरी पडून होती.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात, चैत्र सरता सरता, डोणवाडीचा व्यंकटी मोटारसायकलला अॅल्युमिनियमचे पाइप बांधून तिथं गेला, तो आपल्या रोजच्या कामाला गेल्यासारखाच. घरोघरी डिश बसवायचं हे त्याचं काम. शाळा नववीतच सुटलेली. हात चांगला, पण तोंड बंद. गिऱ्हाइकानं चहा विचारला तरी मान खाली घालून ‘नको’ म्हणणार आणि गच्चीवर पळणार.

त्याला बोलावलं होतं पंचशीला मॅडमनी. मॅडम नांदेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मूळच्या नायगावकडच्याच, मजुरी करणाऱ्या घरातल्या. हसून म्हणायच्या, “माझे वडील म्हणायचे, आभाळाकडं बघून पोट भरत न्हाई. आता मी त्याच्यावरच पोट भरते.”

“मॅडम, इतक्या लांब कशाला लावायचा अँटेना?” व्यंकटीनं पाइप उतरवत विचारलं.

“इथं गलका नाही म्हणून. टॉवर लांब, विजेच्या तारा नाहीत. आपल्याला लई बारीक आवाज ऐकायचाय.” मॅडमनी दोन्ही हातांनी हवेत एक माप दाखवलं. “एका उपग्रहाचा. बुटाच्या खोक्याएवढं आहे बघ. त्यात दुर्बीण बसवली आणि दिलं आभाळात सोडून. काम एकच. आपल्या आकाशगंगेच्या भोवती तापलेला वायू पसरलाय म्हणतात, तो मोजायचा.”

“दिसतो का तो?”

“तुझ्या-माझ्या डोळ्याला नाही. असं बघ, सगळे तारे मोजले, सगळी धूळ मोजली, तरी जेवढं भरायला पाहिजे त्याच्या निम्मंसुद्धा भरत नाही. बाकीचं गेलं कुठं? तर असं वाटतं, की ते गेलेलंच नाही. भोवतीच आहे. तापून तापून इतकं विरळ झालंय, की असून दिसत नाही.”

“तापलंय म्हणजे किती?”

“वीस लाख डिग्री.”

व्यंकटीनं हातातला पाइप खाली ठेवला. मग घाबरत म्हणाला, “मग आपल्याला चटका कसा बसत न्हाई?”

मॅडमना तो प्रश्न आवडला असावा. “कारण ते लई विरळ आहे. त्यात हात घातलास तर हात भाजायचा नाही, उलट गारठेल. ताप आहे रे, पण ऊब नाही.”

हे वाक्य व्यंकटीच्या मनात रुतून बसलं. पाइप जोडतानासुद्धा तो तेच घोळवत होता.

खोकं आता खाली खाली येत होतं. दोन वर्षं फिरून त्याचा दम संपला होता. दोनेक आठवड्यांत ते हवेत शिरून जळून जाणार होतं. पृथ्वीच्या सावलीत असलं की ते आपल्याकडं पाठ करून लांब बघत बसायचं, आणि उजेडात आलं की डोळा मिटून नुसतं बोलायचं. आपली तब्येत कळवायचं: बॅटरी किती, अंग किती तापलं. शेवटच्या दिवसांतलं ते बोलणं नीट टिपलं, तर आधीची सगळी मोजणी किती खरी ते ताडून बघता येणार होतं. म्हणून ठिकठिकाणी असे अँटेना लागले होते. त्यातला एक डोणवाडीच्या माळावर.

तिसऱ्याच दिवशी अँटेना फिरवणारी मोटर उन्हानं जळाली. नवी यायला महिना लागला असता. मॅडम गच्चीवर उभ्या राहून जळक्या मोटरकडं बघत राहिल्या. चेहरा पडलेला.

“मी हातानं फिरवतो की,” व्यंकटी म्हणाला.

“एकट्याला जमेल? लॅपटॉप इथं उन्हात ठेवता येत नाही, बंद पडतो. तो खालच्या खोलीत, तिथूनच मला सगळं पाठवील. तू वर. सिग्नल आला की गेला, ते खालून कुणीतरी सांगायला पाहिजे.” मॅडमनी वही उघडली. त्यात चार रकाने आखलेले होते: वार, वेळ, वर कोण, खाली कोण. “वर तू. आणि खाली कोण?”

व्यंकटीच्या तोंडून निघून गेलं, “भाऊ हाय माझा. नरसिंग.”

मॅडमनी लिहिलं: नरसिंग.

आता हे समजायला हवं असेल तर दोघा भावांचं काम कसं चालायचं ते ठाऊक पाहिजे. डिश बसवायला दोन माणसं लागतात. एक गच्चीवर डिश फिरवतो, दुसरा खाली टीव्हीपुढं बसून सांगतो. धाकटा व्यंकटी लाजाळू, म्हणून तो कायम वर. थोरला नरसिंग बोलका, म्हणून तो कायम खाली. तो घरातल्या माणसांशी गप्पा मारणार, चहा पिणार, डाव्या तळहातावर तंबाखू मळणार आणि मधूनच खिडकीतून ओरडणार, “न्हाई… उजवीकडं घे… आलं रं… गेलं… माघारी घे जरा… बस्स! हालवू नको.” वरच्यानं काही बघायचं नाही, विचार करायचा नाही. खालून आवाज आला की हात आपोआप वळायचा. वारं असलं आणि आवाज पोचत नसला, की नरसिंग अंगणात येऊन उजवा हात वर करायचा. पंजा उघडा, फक्त अंगठा आत दुमडलेला, कारण अंगठ्याला चुना लागलेला असायचा. त्याचा अर्थ, बस्स, हालवू नको. सहा वर्षं असं चाललं.

मग दुष्काळ पडला. खायची पंचाईत, तिथं डिश कोण बसवणार? हैदराबादला टॉवरवर चढायचं काम निघालं. चढणं हे व्यंकटीचं काम, पण तो म्हणाला, “मला परक्या माणसांत जमत न्हाई.” म्हणून नरसिंग गेला. जन्मात कधी शिडीच्या चार पायऱ्या चढला नव्हता तो. दिवाळीच्या आधी फोन आला, तो व्यंकटीच्या मोबाइलवर. सामान आणायला चाललो असं आईला सांगून व्यंकटी हैदराबादला गेला, आणि दुसऱ्या दिवशी एकटाच माघारी आला. येताना गाडीत त्यानं ठरवलं होतं, उंबऱ्यातच सांगून टाकायचं. पण आई उंबऱ्यात नव्हती. टँकरच्या रांगेत होती, नरसिंगच्या नावाची घागर भरून घेत होती. म्हणाली, “पोरगं अचानक आलं तर पानी नको व्हय घरात?”

ते राहिलं ते राहिलंच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. नरसिंग कसा आहे विचारलं की व्यंकटी म्हणायचा, बरा हाय, तिकडं रेंज न्हाई.

खोकं माळावरच्या आभाळातून जायचं, ती फेरी आठ-नऊ मिनिटांची. दिवसातून चार-पाच फेऱ्या व्हायच्या, पण डोक्यावरून जाणारी चांगली एखादीच. ती रोज वीस-बावीस मिनिटं अलीकडं सरकायची. हातानं फिरवायच्या पहिल्या दिवशी ती संध्याकाळी पाचला होती. व्यंकटीनं खाली लॅपटॉप चालू केला, खुर्ची नीट ठेवली, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि वर जाऊन कागदावरचे आकडे बघत अँटेना फिरवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. वहीत ‘खाली कोण’च्या रकान्यात तो रोज भावाचं नाव लिहायचा.

मॅडमचा फोन आला. “व्यंकटी, मधेमधे तुटतंय बघ. नरसिंगला म्हणावं, जरा कान देऊन बस.”

“हाव, सांगतो,” व्यंकटी म्हणाला.

पाचव्या दिवशी फेरी साडेतीनला होती. उन्हानं गच्ची लाहीलाही झालेली. पाइपाला धरलेलं फडकं गरम झालं होतं. खोकं नैर्ऋत्येकडून उगवायची वेळ झाली, व्यंकटीनं अँटेना तिकडं रोखला आणि सहा वर्षांच्या सवयीनं, काही ध्यानीमनी नसताना, खाली ओरडला, “आलं का?”

ओरडला आणि त्यानं जीभ चावली. माळावर कुणी नव्हतं. कुठं कावळासुद्धा नव्हता.

“न्हाई…”

खालच्या खिडकीतून आला आवाज. हळू, कोरडा, घशाला पाणी नसल्यासारखा.

“न्हाई… उजवीकडं घे…”

व्यंकटीच्या मनानं काही म्हणायच्या आत त्याचे हात वळले.

“आलं रं… आलं… वर घे… बस्स.”

आठ मिनिटं तो आवाज सांगत राहिला आणि आठ मिनिटं व्यंकटीचे हात ऐकत राहिले. खोकं ईशान्येला बुडालं. मग सगळं शांत झालं, आणि तेव्हा कुठं त्याच्या पाठीवरून काटा सरसरत गेला. बऱ्याच वेळानं तो जिना उतरला. खोली रिकामी होती. लॅपटॉप चालू होता. खुर्ची मात्र त्यानं भिंतीकडं ठेवली होती, ती खिडकीकडं वळलेली होती. बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. टेबल कोरडं, फरशी कोरडी.

त्यानं खुर्चीच्या पाठीजवळ हात नेला. खोली भट्टीसारखी तापलेली होती, पण खुर्चीभोवतीच्या त्या हातभर जागेत त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. तिथं काहीतरी तापलेलं होतं, आणि त्याला ऊब नव्हती.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “आज काय जादू केली? एकसुद्धा तुटलं नाही! भावाचा कान लई तयार आहे रे तुझ्या.”

दुसऱ्या दिवशी आपण तिकडं फिरकायचंच नाही, असं व्यंकटीनं रात्रभर पडल्या पडल्या ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. एक बाटली जास्त घेऊन गेला. त्यानं काही विचारलं नाही, तरी आवाज आला. त्याला भीती वाटायचीच. पण सात महिन्यांत त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. ‘रं’ म्हणताना ओढायची ती लकब, हसू दाबल्यासारखं ते ‘बस्स’. गच्चीवर उभा राहून तो ऐकायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. खाली मात्र फेरी संपायच्या आत कधी जायचा नाही. खाली आला की दोन्ही बाटल्या कोरड्या.

इकडं गावात पाण्याचा तंटा वाढला होता. टँकर दिवसाआड यायचा. आला की सगळ्यांच्या घागरी रांगेत. जो गावात नाही त्याचीसुद्धा घागर रांगेत असायची, त्याच्या घरचं कुणी भरून घ्यायचं. दुसऱ्याची घागर रांगेतून काढायची नाही, हा डोणवाडीचा रिवाज. शेषेराव हा रांग सांभाळायचा.

“मावशे,” एका सकाळी त्यानं व्यंकटीच्या आईला, धोंडाबाईला हटकलं, “ही नरसिंगाची घागर दिवाळीपासनं उभी हाय. नरसिंग कवा उभा ऱ्हानार?”

“येतोय की.”

“कुठनं? अमेरिकेहून?”

मागून शेजारची सिंधु म्हणाली, “शेषेराव, तुम्ही त्या घागरीलाच बाशिंग बांधा. नवरदेव येईल मग लगालगा.” बाया हसल्या. धोंडाबाई हसली नाही. तिनं पदरानं घागरीवरची धूळ पुसली.

शेषेराव ओशाळला. “तसं न्हाई मावशे. वरून हुकूम हाय. ऐतवारी नवी यादी करायची. ज्यानं त्यानं आपल्या घागरीपाशी उभं ऱ्हायचं. जो उभा ऱ्हाईल त्यालाच पानी. नसंल त्याचं नाव कमी.”

धोंडाबाईनं घरी येऊन घागर खाली ठेवली आणि व्यंकटीला एवढंच म्हणाली, “ऐतवाराच्या आत त्याला आन. मी कुनाला नाव कमी करू देनार न्हाई.”

व्यंकटीनं मान हलवली. रविवार तीन दिवसांवर होता. आई घागरीपाशी उभी राहणार, शेषेराव विचारणार, आणि साऱ्या गावादेखत ते आपल्याला सांगावं लागणार. किंवा त्याच्या आधी घरात. दोन्हींतलं एकही त्याच्यानं होणार नव्हतं.

“आनि दुपारी बारा वाजता त्या माळावर ऱ्हाऊ नको,” आई म्हणाली. “त्या वक्ताला मानसाची सावली पायाखाली जाती. मग कोन आपलं, कोन परकं, कळत न्हाई.”

पण फेरी अलीकडं सरकत सरकत बारालाच येत होती. गुरुवारी पाऊणला, शुक्रवारी बारा-पंचविसाला. आणि शनिवारी बारा वाजून चार मिनिटांनी. ती शेवटची. त्या रात्री कुठल्यातरी समुद्रावर खोकं जळून जाणार होतं.

शुक्रवारी फेरी संपल्यावर व्यंकटीनं धीर केला. गच्चीच्या कठड्याला धरून खाली बघत तो म्हणाला, “दादा… आईला काय सांगू?”

ऊन नुसतं वाजत होतं.

मग खालून आलं, “पानी…”

एवढंच.

शनिवारी व्यंकटी अकरालाच माळावर आला. दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. गच्चीवर गेला. बाराला दहा कमी असताना मोबाइल वाजला. पंचशीला मॅडम.

“व्यंकटी, मी देगलूरला चालले होते, म्हटलं वाटेत तुझ्या घरी जावं. आईंना पेढे दिले. म्हटलं, आई, तुमची दोन्ही पोरं सोनं आहेत. एक वर, एक खाली, दोघांनी मिळून आमचं काम तारलं. त्या आधी नुसत्या बघतच राहिल्या माझ्याकडं. मग म्हणाल्या, नरसिंग माळावर हाय? म्हटलं, दोन आठवडे झाले की! तू सांगितलं नाहीस का त्यांना? बरं, चल, आता फेरी सांभाळ. शेवटची आहे.”

फोन बंद झाला. व्यंकटीनं गावाकडच्या वाटेकडं पाहिलं.

उन्हाच्या लाटांत काहीतरी हलत होतं. आधी ते जमिनीपासून सुटं, तरंगल्यासारखं दिसलं. मग त्याला पाय फुटले. हिरवं लुगडं दिसलं. डोक्यावर घागर दिसली. अख्ख्या माळावर दुसरं काही हलत नव्हतं. बाई सरळ इमारतीकडं येत होती आणि तिला सावली नव्हती. ती तिच्या पायाखाली गेली होती.

“आई!” व्यंकटी ओरडला. “माघारी जा! मी येतो…”

घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली. त्यानं पाइप सोडला आणि तो जिन्याकडं वळला.

“हालवू नको.”

खालून आला आवाज. आज तो हळू नव्हता.

“आलं रं… धर. डावीकडं… काम टाकून येऊ नको.”

आणि त्याचे हात, देवाशपथ, त्याचे हात पाइपाकडं गेले. पाय जिन्याकडं ओढत होते आणि हात अँटेना धरून उभे होते. खाली दाराची कडी वाजली. जोडव्यांचा आवाज आत गेला. घागर फरशीवर टेकली.

मग आवाज थांबला. सांगणारं कुणी राहिलं नाही. व्यंकटी आंधळ्यासारखा अँटेना फिरवत राहिला आणि कान खाली लावून उभा राहिला. खालून आईचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते. आजारी लेकराशी बोलावं तशा सुरात ती बोलत होती, मधेच थांबत होती, जसं कुणी उत्तर देतंय आणि ती ऐकतेय. एकदा ती म्हणाली, “हळू… हळू पी.” तेवढं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

बारा वाजून बारा मिनिटांनी खोकं ईशान्येला बुडालं. अँटेना तसाच तिकडं रोखलेला ठेवून, पान्ह्यानं नट आवळून, व्यंकटी जिन्यावरून धडपडत खाली आला.

आई फरशीवर बसली होती, खुर्चीच्या समोर. रिकामी घागर तिच्या मांडीत आडवी होती. दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या, जशा त्यानं ठेवल्या तशा.

“हैदराबादला कवा गेलतास?” तिनं विचारलं. मान वर न करता.

व्यंकटी तिच्यासमोर बसला. “दिवाळीच्या आधी. तेरा दिवस आधी.”

“अग्नी तूच दिलास?”

“हाव. विजेच्या दाहिनीत… बटन दाबलं.”

“बरं केलंस. परक्यानं दिला असता तर वाईट वाटलं असतं.” तिनं मान वर केली. “आनि पानी? तोंडात पानी घातलं कुनी?”

“मी पोचलो तवर गुंडाळून ठेवलं होतं, आई. तोंड उघडू देईनात. मडकं फिरवायला पन जागा नव्हती. तसंच…” सात महिन्यांचं सगळं एकदमच बाहेर आलं. तो फरशीवर डोकं टेकून रडत राहिला.

धोंडाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता. त्या भट्टीत तो हात गार कसा, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

“म्हनूनच मग,” ती म्हणाली. “सगळी घागर पिला. एका दमात. लई तहानला होता रं.” मग पदरानं घागरीचं तोंड पुसून ती उठली. “माझा तुझ्यावर राग न्हाई. त्याचाबी न्हाई. शेषेरावला सांगते, उद्या ही घागर रांगेत नसंल म्हनून. तू तुझं सामान आवरून ये.”

“मी सोडतो तुला गाडीवर.”

“नको. आता मी चालतच जाते.”

ती निघाली. व्यंकटी दारात, त्या अर्ध्या राहिलेल्या ‘जिल्हा’ शब्दाखाली उभा राहून बघत राहिला. रिकामी घागर कडेवर घेऊन, माळ तुडवत, ती पाठमोरी चालली होती. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. वाटलं, आता संपलं. त्यानं वही काढली. शेवटच्या ओळीत वार लिहिला, वेळ लिहिली, वर कोण तिथं आपलं नाव लिहिलं. खाली कोण, ते कोरं ठेवलं.

मोबाइल वाजला.

“व्यंकटी, आता बघतेय मी सगळं,” पंचशीला मॅडम म्हणाल्या. “झकास आलंय. पण एक सांग, खोकं तर बारा-बाराला बुडालं. पुढं कशाकडं धरला होता अँटेना?”

“कशाकडं न्हाई. तसाच ठेवला.”

“नाही रे. पुढंही काहीतरी येतंय. खोक्याचं बोलणं नाही ते, नुसती सळसळ आहे. अँटेनासमोर एखादी तापलेली वस्तू आली ना, की येते तशी. जमिनीची म्हणावी तर त्याच्या कितीतरी पट आहे. आणि थांबत नाही. अजून चालूच आहे बघ. नरसिंगला विचार ना, त्यानं काही हलवलं का?”

फोन हातात तसाच धरून व्यंकटी जिना चढला.

नट आवळलेलाच होता. पान्हा होता तिथंच होता. पण अँटेनाचं तोंड ईशान्येला नव्हतं. ते गावाच्या वाटेकडं वळून खाली झुकलं होतं, आणि त्याच्या पाइपावरच्या आठ काड्यांच्या नेमक्या रेषेत, दीडशे पावलांवर, आई चालली होती. वारं अजिबात नव्हतं. ती चार पावलं पुढं गेली, आणि अँटेना बोटभर वळला.

व्यंकटीचे ओठ हलले, ते नेहमीच्या सवयीनं. त्याचं त्यालाही नीट ऐकू येणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, “आलं का?”

दीडशे पावलांवर आई थांबली.

मागं वळून न बघता तिनं उजवा हात वर केला. पोरांचं काम धोंडाबाईनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तंबाखूला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. पंजा उघडा होता, आणि अंगठा आत दुमडलेला.